फवारणीची विषबाधा आणि दाव्याची मुदत

वऱ्हाडात कोणाला फवारणीत विषबाधा झाली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो सरकारची मदत किती मिळते, आणि दुसरा असतो कागद कोणत्या कार्यालयात द्यायचे. हे कोणाच्या चुकीमुळे झाले आणि त्याच्याकडून भरपाई मागता येते का, हा प्रश्न बहुधा निघतच नाही. निघतो तेव्हा वकिलाकडे सांगण्यासारखे एवढेच उरलेले असते, की मुदत गेली. भातकुली, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी या अमरावती जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यातल्या तालुक्यांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि पाठीवरचा पंप यांची जोडी जुनी आहे, म्हणून इजेच्या दाव्यांबद्दल लिहिताना मी हीच इजा निवडली आहे. माझे म्हणणे असे, की सानुग्रह मदतीची वाट पाहण्याच्या सवयीने आपल्याकडे भरपाईचा हक्क झाकला गेला आहे. हा हक्क कायद्यात आहे, त्याची रक्कम मदतीपेक्षा बरीच मोठी होऊ शकते. पण त्याची मुदत इजा झाली त्या दिवसापासून धावू लागते आणि मदतीची फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे याच्याशी तिला काही देणेघेणे नसते.

२०१७ चा खरीप आठवा. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली, किडीचा जोर होता, फवाऱ्याचे बारीक तुषार थेट तोंडावर येत होते. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतही विषबाधा झाल्या. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली, नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली. शासन, प्रशासन, न्यायालय, वृत्तपत्रे असे सगळे हलले होते. तरीही ज्याला इजा झाली त्याने, ज्याच्यामुळे झाली त्याच्यावर, इथल्या न्यायालयात स्वतःचा दावा लावणे ही गोष्ट त्या सगळ्या गदारोळात जवळजवळ दिसलीच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी दाद मागितली ती स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सिंजेंटा कंपनीविरुद्ध, तिच्या 'पोलो' या उत्पादनावरून. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. त्या वादात कोण खरे, हा या लेखाचा विषय नाही. यवतमाळच्या बाईला दाद मागायला आल्प्स ओलांडावा लागला, तो कोणत्या दिवशी आणि का, हे मात्र पाहण्यासारखे आहे. घटना २०१७ च्या पावसाळ्यातल्या आणि त्या दिवाळीच्या आसपासच्या. आपल्या कायद्यातली दोन वर्षांची सगळी दारे त्यामुळे २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास बंद झाली होती. स्विस उत्पादन-दायित्व कायद्याची मुदत तीन वर्षांची आहे.

आता मदत आणि भरपाई यांतला फरक आकड्यांत पाहू, कारण त्याशिवाय तो पटत नाही. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा कारखान्यांसाठी होता असा सर्वसाधारण समज. पण त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, शेतीकामात किंवा मळ्यात कीटकनाशकांची फवारणी वा धुरळणी करणाऱ्या माणसाची नोंद स्पष्ट शब्दांत होती. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारा माणूस त्या कामात दगावला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही वारसांना भरपाई मागता येत होती. रक्कम कशी निघायची? मासिक मजुरीचा निम्मा भाग, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. मजुरी महिन्याला सहा हजार धरली, तर ३,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ५,५२,५१० रुपये. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर दंड निम्म्या रकमेपर्यंत. शेजारी ठेवा सरकारी मदतीचे दोन लाख. मदत वाईट आहे असे मी म्हणत नाही. तेराव्याच्या खर्चाला आणि मुलांच्या फीला तीच आधी धावून येते. पण ती दयेपोटी दिलेली असते आणि तिच्यासाठी कोणी जबाबदार ठरत नाही. ती घेतल्याने दाव्याचा हक्क बुडतो, हा गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. एका माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या विम्याची रक्कम मोटार अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात ठरवले. अपराध्याने द्यायचे पैसे आणि मृताच्या घरात दुसऱ्या वाटेने आलेले पैसे यांचा हिशेब वेगळा, हा त्यामागचा विचार मला इथेही लागू पडणारा वाटतो. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मालकाच्या दायित्वाचे तत्त्व तिथेही कायम आहे. नव्या घटनेसाठी मुदत आणि आकडे नव्या संहितेतून पाहावेत.)

दावा कधी लावता येतो, याचे उत्तर आधी तुम्ही कोण आहात यावर ठरते. मजूर असाल तर वरची वाट. स्वतःच्या शेतात फवारणारे शेतकरी असाल तर मालक तुम्हीच, तेव्हा ती वाट बंद; पण औषध तुम्ही विकत घेतले आहे, म्हणून तुम्ही ग्राहक आहात. शेतकरी हा ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात निःसंदिग्धपणे मान्य केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा, म्हणजे घरचा मुलगा किंवा भाऊ, हाही त्यात ग्राहक धरला जातो. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाची हद्द आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. बाटली हजार रुपयांची असेल आणि मागणी पंधरा लाखांची, तरी तक्रार अमरावतीच्या जिल्हा आयोगातच चालते, आणि फी शून्य. ही तरतूद फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. तिसरी वाट नेहमीच्या दिवाणी दाव्याची. समोरच्याने काळजी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही, आणि त्यामुळेच इजा झाली, एवढे दाखवायचे. बाटलीचे बिल आपल्या नावावर नाही म्हणून कंपनीशी आपला संबंधच काय, असे मजुराला वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. १९३२ मध्ये ब्रिटिश उमराव सभेने डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन खटल्यात हाच मुद्दा निकालात काढला. आल्याच्या पेयाची बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती, प्यायली दुसरीच बाई; तरी उत्पादक तिला उत्तरदायी ठरू शकतो असे ठरले. आपली न्यायालये तेव्हापासून हाच नियम मानत आली आहेत. फक्त एक लक्षात ठेवायचे. त्याच इजेसाठी मालकाविरुद्ध कामगार भरपाईचा अर्ज आणि दिवाणी दावा, असे दोन्ही करता येत नाही. एक वाट निवडावी लागते.

मुदतींचे मात्र खरोखर जंगल आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात हयगयीने झालेल्या शारीरिक इजेसाठी वेगळा अनुच्छेदच नाही. म्हणून ती उरलेल्या सगळ्यांसाठीच्या अनुच्छेद ११३ मध्ये येते आणि तीन वर्षे मिळतात. पण माणूस दगावला तर वारसांचा दावा १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली येतो आणि अनुच्छेद ८२ त्याला मृत्यूपासून दोनच वर्षे देतो. जगलेल्याला तीन वर्षे आणि मेलेल्याच्या विधवेला दोन, यामागे काय शहाणपण आहे ते मला आजवर उमगलेले नाही. कर्ता गेलेले घर सावरायलाच वर्ष जाते. जास्त वेळ हवा तो तिथे. ग्राहक आयोगात दोन वर्षे, कामगार भरपाईच्या जुन्या कायद्यातही दोनच. पण या दोन्ही ठिकाणी सबळ कारण दिले तर उशीर माफ होऊ शकतो. दिवाणी दाव्यात तेही नाही. उशीर माफ करणारे मुदत कायद्याचे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. एक दिवस उशीर झाला तरी दावा बाद. शासनावर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तो काळ मुदतीत मोजत नाहीत, एवढाच दिलासा. ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून कापूस वेचणाऱ्या बाया जखमी होतात, तेव्हा तर वेगळाच नियम. मोटार वाहन कायद्यातली मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अवघे सहा महिने लागू केली. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २०२५ मध्ये, निर्णय होईपर्यंत केवळ उशिरासाठी अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश झाला. एकाच गावच्या, एकाच आठवड्यात जखमी झालेल्या तीन माणसांना तीन वेगळ्या मुदती, आणि तिघांनाही त्या सांगणारे कोणी नाही, अशी ही स्थिती.

मुदत किती, याहून ती केव्हा सुरू होते हा प्रश्न विषबाधेत जास्त अवघड आहे. ट्रॅक्टरखाली पाय सापडला तर तारीख, वेळ, साक्षीदार सगळे जागेवर असते. औषधाचे तसे नाही. दोन दिवस उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, मग बरे वाटते. हाताची थरथर किंवा नजरेची कमतरता पुढे जाणवते, आणि ती फवारणीची आहे हे कोणी सांगेपर्यंत पुढचा खरीप येतो. मुदत कायद्याचे कलम २३ इथे उपयोगी आहे: ज्या कृत्याने प्रत्यक्ष इजा झाल्याशिवाय दाव्याचा हक्क उत्पन्न होत नाही, तिथे मुदत इजा झाल्यापासून मोजायची. पण इजा झाल्यापासून की कळल्यापासून? इंग्लंडमध्ये १९६३ मध्ये कार्टलेज खटल्यात, फुप्फुसात धूळ साचलेल्या कामगारांचा हक्क त्यांना आजार कळण्याआधीच संपला असे ठरले. त्या अन्यायाची लाज वाटून संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला. स्विस कायदा तर सरळच म्हणतो, की नुकसान, उत्पादनातला दोष आणि उत्पादक कोण, हे तिन्ही कळले किंवा कळायला हवे होते तेव्हापासून तीन वर्षे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या श्रीखंडे खटल्यात या विचाराची दखल घेतली. १९९३ च्या शस्त्रक्रियेनंतर पोटात कापसाची घडी राहिल्याचे २००२ मध्ये उघड झाले आणि तक्रार २००४ मध्ये झाली, असे ते प्रकरण. कळल्यापासून मुदत मोजण्याचे तत्त्व न्यायालयाने समजून घेतले, पण तक्रार मुदतबाह्य ठरवली: रुग्ण स्वतः परिचारिका होती, नऊ वर्षे दुखत असताना तिने आधीच चौकशी करायला हवी होती. निकाल कठोर आहे. त्यातून मला दिसते ते असे, की त्या स्थितीतल्या समंजस माणसाला कधी कळले असते, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. मग भातकुली तालुक्यातल्या न शिकलेल्या मजुराला परिचारिकेचा मापदंड लावता येणार नाही, हा युक्तिवाद त्याच निकालातून उभा राहतो. तो करायचा तर मजुराला कोणत्या तारखेला, कोणत्या डॉक्टरने सांगितले, याचा कागद हवा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला: माणसाने तोंडाला रुमालही बांधला नाही, वाऱ्याच्या विरुद्ध फवारले, दोन औषधे मिसळली, मग दोष कोणाचा? आक्षेप अगदी पोकळ नाही. पण कायदा त्याचे उत्तर देतो. दिवाणी दाव्यात जखमी माणसाची स्वतःची हयगय भरपाई कमी करते, शून्य करत नाही. आणि १९२३ च्या कायद्यात तर, मजूर दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर सुरक्षेचा नियम त्याने मोडला हा बचाव मालकाला मिळतच नव्हता. त्याहून कमी इजेत तो मिळत होता, पण तेव्हाही मजुराने जाणूनबुजून दुर्लक्ष केलेले साधन मुळात पुरवलेले असावे लागे. जो मुखवटा कधी दिलाच नाही तो घातला नाही म्हणून कोणाला दोष लागत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये रबरी मोजे आणि जाड अंगरखा घालून दिवसभर डोक्याएवढ्या पऱ्हाटीत चालणे कितपत शक्य आहे, हे जो कधी शेतात उतरला आहे त्याला विचारावे. खारपाणपट्ट्यात हात धुवायला विहिरीचे पाणीही खारे असते. सुरक्षेची जी अट पाळता येणारच नाही अशा हवेत औषध विकले जाते, ती अट विकणाऱ्याला किती दूरवर वाचवेल, हा प्रश्न न्यायालयापुढे नीट मांडला गेला पाहिजे.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण आहे, आत माहितीपत्रक आहे, ते प्रादेशिक भाषेतही असते. आणखी काय करायचे? इथे २०१९ च्या कायद्यातले कलम ८७ नीट वाचावे. वस्तू मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी घेतली असेल आणि उत्पादकाने त्या मालकाला इशारे व सूचना दिल्या असतील, तर इशारा दिला नाही या कारणावरून उत्पादकावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही. ही तरतूद कारखान्याच्या नजरेतून लिहिलेली आहे. तिथे मालकाकडे सुरक्षा अधिकारी असतो, तो इशारा पुढे पोचवतो. आपल्याकडे साखळी अशी: कंपनी, कृषी केंद्र, शेतकरी, मजूर. माहितीपत्रक कृषी केंद्राच्या गल्ल्यापाशीच राहते किंवा शेतकऱ्याच्या घरी पडते, आणि मजुराच्या हाती पंपात ओतायचे झाकण येते. कायद्याच्या नजरेत मात्र इशारा पोचला. ज्याच्या अंगावर औषध उडते त्याच्यापर्यंत सूचना पोचली होती का, हाच प्रश्न असायला हवा. शेतीच्या औषधांपुरता हा अपवाद काढून टाकावा असे माझे ठाम मत आहे. तोवर मजुराने कंपनीवरचा दावा केवळ इशाऱ्यावर उभा करू नये. रचनेतला दोष किंवा निर्मितीतला दोष दाखवता येत असेल तर हा अपवाद आड येत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त छळतो. मजुराने दावा लावायचा तो कोणावर, तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर? साडेपाच लाख तो आणणार कुठून? गावात एकमेकांच्या लग्नकार्याला जाणारी माणसे कोर्टाच्या पायरीवर समोरासमोर येणार. हे खरे आहे, आणि म्हणूनच अशी प्रकरणे बैठकीत बसून दहा-वीस हजारांत मिटतात. पण १९२३ च्या कायद्याने याचा विचार केलेला होता. कलम १३ प्रमाणे, मालकाने भरपाई दिली आणि इजेला त्रयस्थ जबाबदार असेल, तर मालक ती रक्कम त्या त्रयस्थाकडून वसूल करू शकत होता. म्हणजे मजुराचा अर्ज हा शेतकऱ्याविरुद्धचा शेवट नसून, सदोष औषधापर्यंत पोचण्याची पहिली पायरी होऊ शकतो. आणि खरी उणीव सरकारी योजनेतच आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा येते, पण लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. ज्याच्याकडे जमीन नाही तो पंप उचलणारा माणूस बाहेरच. फवारणाऱ्या मजुराचा विमा शासनाने काढला, तर हा गावातला संघर्ष बराचसा मिटेल. खातेदाराला जे दिले ते मजुराला नाकारण्याचे कारण मला सापडत नाही.

राहिला चौथा आक्षेप: कोर्टात वीस वर्षे जातात. दिवाणी दाव्याबद्दल हे म्हणणे मी खोडून काढणार नाही. म्हणूनच फी नसलेला ग्राहक आयोग आणि चूक सिद्ध करायला न लावणारी कामगार भरपाई या वाटा आधी पाहाव्यात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. अमरावतीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात त्यासाठी साधा अर्ज पुरतो. दावे हरतात ते फीपायी नाही, पुराव्याअभावी. २०१७ मध्ये रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराची तपासणी झाली नाही, हा मुद्दा जाहीरपणे पुढे आला होता. ती तपासणी पहिल्या काही दिवसांत झाली नाही, तर कोणत्या वर्गाचे औषध अंगात गेले हे नंतर सांगणे कठीण होते. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखल करताना केस पेपरवर 'फवारणी करताना' हे शब्द आणि औषधाचे नाव लिहून घेणे, वैद्यकीय-कायदेशीर नोंद करायला लावणे, रिकामी बाटली लेबलसह जपणे, कृषी केंद्राचे बिल शोधणे आणि त्या दिवशी कोणाच्या शेतात काम होते हे सांगणारा एक तरी सोबती लक्षात ठेवणे, एवढे झाले तर वकिलाला काम करता येते. 'विष प्राशन' एवढेच लिहिले गेले तर आत्महत्येची शंका दाव्याला पहिल्या पानापासून चिकटते.

या नोंदी घरच्यांच्या शहाणपणावर सोडण्याची गरजही नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचे कलम २६ राज्य शासनाला असा अधिकार देते, की कीटकनाशक वापरताना किंवा हाताळताना झालेली प्रत्येक विषबाधा कळवण्याचे बंधन ते अधिसूचनेने घालू शकते. त्या अधिसूचनेत एक ओळ वाढवावी: डॉक्टरने पाठवलेल्या अहवालाची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याबरोबरच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही आठवड्याच्या आत जावी, आणि प्राधिकरणाने त्या घराला त्यांच्या वाटा आणि त्या प्रत्येक वाटेची शेवटची तारीख मराठीत लेखी कळवावी.